सिझन आणि शुक्रवार

माझं लग्न जूनमध्ये झालं, १९९८ साली, पाऊस अगदी तोंडावर आलेला असताना. आईला मे महिना हवा होता. सगळ्यांना सुट्ट्या, मामा-मावश्या मोकळ्या, मुहूर्तही चांगले. पण पाचगणीहून निरोप आला, ‘मेमध्ये जमणार नाही, सिझन आहे.’ आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत त्या शब्दाचा अर्थ कुणालाच नीट कळला नाही. वडील म्हणाले, आंब्याचा असेल. पुढे पंचवीस वर्षं मी त्या शब्दाच्या तालावर जगले. आमच्याकडे मुलांचे वाढदिवस, घराची रंगरंगोटी, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं सिझनला विचारून ठरतं. सिनेमाही. आज लिहायचंय ते त्याच्याबद्दलच.

पुण्यात असताना सिनेमा ही ठरवून करायची गोष्टच नव्हती. पेपरातल्या सिनेमाच्या जाहिराती बघायच्या, चपला घालायच्या आणि निघायचं. मराठी असला तर लक्ष्मी रोडला विजय किंवा अप्पा बळवंत चौकात प्रभात, इंग्रजी असला तर अलका. सगळं पायी. तिकीट नाही मिळालं तर दुसऱ्या टॉकीजला, तिथेही नाही मिळालं तर भेळ खाऊन घरी. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी एकच सिनेमा दोनदा बघायचो, कारण पहिल्यांदा बोलण्यातच अर्धा निसटलेला असायचा. एखादी गोष्ट इतकी जवळ असली की ती आपल्याजवळ आहे, हेही लक्षात येत नाही.

लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी ह्यांना विचारलं, ‘इथलं टॉकीज कुठल्या बाजूला?’ हे एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघायचे. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरचा सिल्व्हर ओक दिसत नव्हता. त्यांनी त्या धुक्याकडे हात केला आणि म्हणाले, ‘खाली.’

खाली म्हणजे पसरणीचा घाट उतरून बारा-तेरा किलोमीटरवर वाई, आणि तिथून पुढे सातारा. पाचगणी ते सातारा पन्नासेक किलोमीटर. एसटीनं जायला दीड-पावणेदोन तास, यायला तेवढेच, घाटात दूधगाडी किंवा उसाचा ट्रॅक्टर पुढे आला तर त्याहून जास्त. रात्रीचा शो बघितला तर परतायला गाडी नाही. संध्याकाळचा बघितला तर शेवटच्या अर्ध्या तासात सगळं लक्ष घड्याळात. उरला बाराचा किंवा तीनचा. तीन तासांच्या सिनेमासाठी सकाळी नऊला डबा करून निघायचं, ते दिवेलागणीनंतर घरी. घरात सासूबाई, पुढे लहान मुलगी, आणि आमच्या चार खोल्या. या खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. सगळ्यांना सांभाळून असा आख्खा दिवस काढायचा, तर तो वर्षातून दोन-तीनदाच निघायचा.

पण अंतर हा अर्धाच भाग. खरी अडचण काय आहे ते कळायला मला काही वर्षं लागली.

सिनेमा शुक्रवारी लागतो. आणि मोठे सिनेमे कुठल्याही शुक्रवारी लागत नाहीत. दिवाळी, नाताळ, ईद, पंधरा ऑगस्ट, मेची सुट्टी, लोक मोकळे असतात त्या शुक्रवारी लागतात. निर्माता बरोबर तोच दिवस धरतो, कारण त्या दिवशी लोकांकडे वेळ असतो, हातात चार पैसे असतात. आणि नेमक्या त्याच दिवशी तेच लोक गाड्या काढून आमच्याकडे येतात. सुट्टीच्या गावात राहणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी सुट्टी नसते. दिवाळीच्या पाडव्यापासून पुढचे दहा दिवस, डिसेंबरची वीस तारीख ते एक जानेवारी, एप्रिलच्या शेवटापासून सात-आठ जूनपर्यंत, या काळात पाचगणी-महाबळेश्वरातला माणूस जागेवरून हलत नाही. घोडेवाला, टॅक्सीवाला, कणीसवाली, चिक्कीवाला, लॉजचा पोऱ्या, धोबी, सगळे. वर्षाचं पोट त्या दोन-अडीच महिन्यांत भरायचं असतं. आम्ही मोकळे होतो तेव्हा मृग लागलेला असतो, घाटात दरडी असतात, आणि टॉकीजमध्ये मेमधला सिनेमा उतरून तिसराच लागलेला असतो.

म्हणून मी कित्येक सिनेमे पाहिले नाहीत, ऐकले. सकाळी साडेसातला मागच्या व्हरांड्यात चहाचा ट्रे घेऊन जायची, तिथे पाहुण्यांचं आदल्या आठवड्यात बघितलेल्या सिनेमाबद्दल बोलणं चाललेलं असायचं. मी साखर ढवळत जरा जास्तच रेंगाळायची. एकदा एका काकूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मध्यंतरापर्यंतची गोष्ट सांगितली. पुढची दुसऱ्या दिवशीच्या चहाला सांगायची ठरली होती, पण त्यांच्या नातवाला ताप आला आणि ते लवकर निघून गेले. त्या सिनेमाचा शेवट मला फार वर्षांनी कळला.

२००४ चा डिसेंबर मला नीट आठवतो. १७ तारखेला ‘स्वदेस’ लागला. आमच्या भागात त्या सिनेमाची वाट सगळेच बघत होते, कारण त्यातलं चरणपूर नावाचं गाव म्हणजे वाईजवळची मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, घाटावरची ती मोठी घंटा, सगळं तिथलं. शूटिंग चाललं होतं तेव्हा वाईच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बायकासुद्धा त्याच गोष्टी बोलत होत्या. आणि सिनेमा लागला तो नाताळच्या तोंडावर. आमच्या चारही खोल्या भरलेल्या. चोवीस तारखेला डोंबिवलीचं एक कुटुंब आलं, त्यांनी तो आदल्याच रविवारी बघितला होता. त्यांच्या मुलीनं मला विचारलं, ‘काकू, मेणवलीला कसं जायचं? त्यात तो घाट आहे ना, तिथे पाय सोडून बसायचंय.’ मी तिला सगळं सांगितलं. पसरणी उतर, वाईत शिर, ढोल्या गणपतीच्या पाया पड, मग तीन-चार किलोमीटर, वाड्याच्या मागून पायऱ्या उतरतात. कुठल्या पायरीवर शेवाळ असतं तेही सांगितलं. त्या घाटावर पडद्यावर काय घडतं ते मात्र तिला ठाऊक होतं, मला नाही.

मी ‘स्वदेस’ पाहिला तो पुढे टीव्हीवर, जाहिरातींच्या तुकड्या-तुकड्यांत, सासूबाईंच्या शेजारी बसून. त्यात गावात सिनेमा दाखवतात तो प्रसंग आहे. मध्ये पडदा, पडद्याच्या एका बाजूला एक माणसं, दुसऱ्या बाजूला दुसरी. वीज जाते, आणि मग दोन्हीकडची मुलं एकत्र येतात. सासूबाई पदराशी चाळा करत बघत होत्या, त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, ‘आमच्या जत्रंला असंच. तंबूच्या फुडं गर्दी झाली की आमाला पडद्याच्या मागनं बशिवायचे. सगळं दिसायचं, पर अक्षरं उलटी. नटीच्या नाकातली नथ बी उजवीकडं.’ त्यांचं माहेर पसरणी, घाटाच्या पायथ्याचं. लहानपणी त्यांनी सगळे सिनेमे जत्रेतल्या तंबूत बघितलेले. रीळ तुटलं की अंधार, मग शिट्ट्या, मग तंबूवाला शिव्या देत रीळ जोडणार, तोवर पोरांनी मातीत रेघोट्या मारायच्या. वर्षातनं एकदा जत्रा, जत्रेत एकच तंबू, तंबूत जो येईल तो सिनेमा. ‘कंचा बघायचा’ हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता. आला तो बघितला, आणि पुढच्या जत्रेपर्यंत तो एकमेकींना सांगितला.

‘तारे ज़मीं पर’ची गत तीच. पाचगणीतल्या शाळेत, न्यू एराच्या आवारात त्याचं शूटिंग झालेलं, आणि तो लागला २१ डिसेंबर २००७ ला. पुन्हा नाताळ, पुन्हा भरलेल्या खोल्या.

पावसाळ्यात लागणाऱ्या सिनेमांचं मात्र आमच्याशी जमायचं. ‘गंगाजल’ २००३ च्या ऑगस्टअखेरीचा, ‘दबंग’ २०१० च्या सप्टेंबरचा. दोन्ही वाईत चित्रित झालेले. एकात वाई बिहार झाली, दुसऱ्यात उत्तर प्रदेश. आमच्याकडे दूध घालणारे मामा ‘दबंग’च्या एका गर्दीत उभे होते. दिवसभर उन्हात उभं राहून मिळाले ते पैसे, वर जेवण. सिनेमा लागल्यावर त्यांच्या आळीतले दहा-बारा जण जीप करून साताऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी दूध घालताना मी विचारलं, ‘दिसलात का मामा?’ त्यांनी कॅन खाली ठेवली, मान वळवली, मला पाठ दाखवली आणि म्हणाले, ‘येवढं दिसलं वैनी. ह्यो खांदा.’ चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की तो खांदा बघायला मीही गेले. नक्की कुठला ते ओळखू आलं नाही, पण त्यांना मी सांगितलं की दिसला.

त्या काळात माझे बरेचसे सिनेमे झाले ते शाळेच्या हॉलमध्ये. पाचगणीत बोर्डिंगच्या शाळा पुष्कळ, आणि शनिवारी रात्री जेवणानंतर मुलांना सिनेमा दाखवायची जुनी पद्धत. ह्यांच्या शाळेत स्टाफच्या घरच्यांना मागच्या दोन रांगांत बसायची मुभा होती. लाकडी घडीच्या खुर्च्या, पत्र्यावर पावसाचा आवाज, अंगावर शाल, मांडीवर मुलगी. सिनेमा कुठला ते मुख्याध्यापक ठरवणार. तो सगळ्या वयाच्या मुलांना चालेल असा हवा, मारामारी फार नको, प्रेम तर जवळपास नकोच. त्यामुळे साहसाचे, प्राण्यांचे, खेळाडूंचे, शास्त्रज्ञांचे असेच सिनेमे यायचे. बरेचसे इंग्रजी. पुण्यात असते तर यातल्या नव्वद टक्के सिनेमांचं तिकीट मी काढलं नसतं.

आणि तरी, आयुष्यात सिनेमा मी सगळ्यात नीट बघितला असेन तर त्या हॉलमध्ये. एकदा चॅप्लिनचा मूकपट लावला होता. मला वाटलं, ही हल्लीची मुलं पाच मिनिटांत कंटाळतील. तीनशे मुलं, त्यात निम्मी परप्रांतातली, काही परदेशातली, एकमेकांची भाषा धड न येणारी. तो माणूस पडला की सगळी एकदम हसायची, पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईनासा व्हायचा. माझी चार वर्षांची मुलगी मांडीवर उभी राहिली. भाषा नसलेला सिनेमा इतक्या भाषांतल्या मुलांसोबत बघायला मिळणं, हे मला अलका टॉकीजच्या बाल्कनीत कधीच मिळालं नसतं.

दुसरा एक शनिवार आठवतो. सिनेमात एक आई स्टेशनवर मुलाला निरोप देते. गोष्ट पुढे गेली तरी हॉलमध्ये एका बाजूनं नाक ओढल्याचा आवाज येत होता, मग दुसरीकडून. पाचवी-सहावीतली मुलं, जूनमध्ये आलेली, दिवाळीला अजून अडीच महिने. अंधारात मेट्रनबाई उठल्या, रांगांमधून वाकून चालत गेल्या, एकेकाच्या खांद्यावर नुसता हात ठेवत. दिवे कुणी लावले नाहीत. सिनेमा संपल्यावरही दोन-तीन मिनिटं कुणी दिवे लावले नाहीत, सगळ्यांचे डोळे पुसून व्हावेत म्हणून. ते दिवे न लावणाऱ्या शिपाईकाकांची मला आजही आठवण येते.

मधल्या काळात केबल आली, सीडी आल्या, मोबाईलवर कार्ड भरून देणारा पोरगा आला. केबलवाला सिझनमध्ये हॉटेलांसाठी रात्री नवा सिनेमा लावायचा, त्यातही खोलीतली गिऱ्हाइकं झोपली की आम्ही शेवटचा अर्धा तास बघायचो. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि आता फोनमध्ये म्हणाल तो सिनेमा आहे. पाच वर्षांत मी जितके सिनेमे सुरू करून सोडून दिले, तितके आधीच्या वीस वर्षांत बघितलेसुद्धा नसतील. रात्री साडेदहाला आडवं व्हायचं, काय बघायचं ते वीस मिनिटं शोधायचं, बारा मिनिटं बघायचं, झोपायचं. सकाळी त्याबद्दल कुणाशी बोलावं तर कुणी दुसराच बघितलेला असतो.

आमच्या गावात टॉकीज का चालत नाही, याचा हिशेब ह्यांनी मला एकदा कागदावर मांडून दाखवला होता. हिशेबाचा माणूस. २०११ च्या जनगणनेत पाचगणीची वस्ती पंधरा हजारांच्या आतच. त्यातली बोर्डिंगची मुलं वजा करा. उरलेल्यातली निम्मी माणसं सिझनमध्ये कामात. पाहुणे म्हणाल तर ते दोन दिवसांसाठी येतात. टेबललँड, सिडने पॉइंट, मॅप्रो, वेण्णा लेक, स्ट्रॉबेरी क्रीम, परत. मुंबईत घराशेजारी बारा पडदे असलेला माणूस इथे येऊन अंधारात कशाला बसेल? शिवाय हा सगळा भाग २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, मोठं बांधकाम सहजासहजी होत नाही, आणि ते योग्यच आहे. डोंगर उरला तर आम्ही उरू. जागेचे भावही असे की, तिकिटाच्या पैशातून ती जागा कधी सुटायची नाही.

हिशेब बरोबर आहे. मला तो तेव्हाही पटला होता, आजही पटतो. तरी एक गोष्ट टोचते. गेल्या पंचवीस वर्षांत इथे पाहुण्यांसाठी काय काय आलं! गाड्या पळवायचा ट्रॅक आला, भुतांचे बंगले आले, मेणाचे पुतळे आले, पॅराग्लायडिंग आलं. बाहेरून येणाऱ्याचा वेळ कसा जाईल याचा विचार रोज कुणीतरी करत असतं. इथे बारा महिने राहणाऱ्या बाईला संध्याकाळी सहाला घराबाहेर पडून चार बायकांबरोबर कुठे बसावंसं वाटलं तर? देवळात. देऊळ मला आवडतं. पण मला कधीकधी अंधारात बसून दुसऱ्याच कुणाच्या तरी आयुष्यावर रडायचं असतं. ते देवळात जमत नाही. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला लावायला सांगितलं, पेपरात मोठ्या बातम्या आल्या. मी त्या आनंदानं वाचल्या. पण आमचा प्राइम टाइम म्हणजे एसटी सुटायच्या आत संपणारा शो, त्याबद्दल त्यात काहीच नव्हतं.

सगळ्यात दूर जाऊन आम्ही जो सिनेमा पाहिला, तो पाचगणीच्याच एका मुलावरचा. झांझिबारहून आठ वर्षांचा पारशी मुलगा इथल्या सेंट पीटर्स शाळेत आला, फारुख बलसारा. इथे पियानो शिकला, बारा वर्षांचा असताना मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. ‘बोहेमियन राप्सडी’ आपल्याकडे २०१८ च्या नोव्हेंबरात आला, दिवाळीची गर्दी ओसरता ओसरता. माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. ती म्हणाली, ‘आई, हा मोबाईलवर नाही बघायचा.’ पहाटे साडेपाचला निघालो, शंभर किलोमीटर, पुण्यात शो. सिनेमा सुरू होतो तोवर तो मुलगा लंडनमध्ये पोहोचलेला असतो, पाचगणीचा एकही प्रसंग त्यात नाही. मुलीला त्याचं वाईट वाटलं. मला मात्र वेगळंच आठवत होतं. आमच्या शाळेच्या हॉलमधली ती नाक ओढणारी मुलं. आठव्या वर्षी बोटीनं समुद्र ओलांडून आलेला तो मुलगा याच डोंगरावर, अशाच पावसात, अशाच कुठल्या तरी शनिवारी झोपायला गेला असेल. शेवटी वेम्ब्लीतलं ते गाणं लागलं तेव्हा आख्खं थिएटर गात होतं. माझी मुलगी उभी होती. मला शब्द येत नव्हते, मी टाळ्या वाजवत होते. परतताना पसरणीच्या घाटात तिनं काच खाली केली आणि ते गाणं परत लावलं.

आता सासूबाईंच्या सिनेमाबद्दल. शाहीर साबळे पसरणीचे. सासूबाईंच्या गावचे, त्यांच्या वडिलांच्या पिढीतले. रेडिओवर त्यांचा आवाज लागला की सासूबाई काम थांबवून उभ्या राहायच्या, जणू माहेरचा माणूस दारात आलाय. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं तेव्हा त्यांनी शेजारीपाजारी साखर वाटली. शाहिरांच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. आणि कळलं की त्यांच्यावर सिनेमा येतोय, त्यांच्याच नातवानं, केदार शिंदेंनी केलेला. सासूबाई ऐंशी पार. टॉकीजमध्ये जाऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. त्यांनी स्वतःहून सांगितलं, ‘ह्यो मी बघनार. माझ्या गावचा हाय.’

‘महाराष्ट्र शाहीर’ लागला २८ एप्रिलला.

त्या दिवशी दुपारी दोन गाड्या भरून माणसं आमच्या दारात उतरली. मी कॅलेंडर बघितलं. सात जूनपर्यंत एकही रात्र रिकामी नव्हती. सासूबाईंना मी म्हटलं, ‘आत्या, टॅक्सी करून देते, मुलीबरोबर जाऊन या.’ पण मुलगी नोकरीला पुण्यात, ह्यांच्या शाळेत वर्षाअखेरचे हिशेब, आणि चार खोल्यांचं सगळं माझ्यावर. एकट्यानं जायला त्या तयार नव्हत्या. ‘असूं दे, गर्दी सरली की जाऊ,’ म्हणाल्या. मी रोज पेपरात बघायची, लागलाय का अजून. मेच्या मध्याला शो कमी झाले. जूनमध्ये आम्ही मोकळे झालो तेव्हा तो उतरला होता. पुढे मी तो फोनवर लावून दिला, चष्मा पुसून हातात दिला. त्यांनी दहा मिनिटं बघितलं आणि फोन पालथा ठेवला. ‘येवढा मोठा मानूस, येवढ्याश्या डबीत कसा बघायचा? आन् एकटीनंच?’

तिकीट, अंतर, एसटी, हे सगळं मी पंचवीस वर्षं सोसलं, त्याचं मला फार वाटलं नाही. हे मात्र लागलं. मी एक दिवस खोल्या बंद ठेवायला हव्या होत्या. चार खोल्यांचं एका दिवसाचं भाडं, तेवढंच तर होतं. ते मला त्या वेळी सुचलंच नाही, कारण सिझनमध्ये खोली बंद ठेवायची असते हा विचारच आमच्या गावात कुणी शिकवत नाही.

दोन महिन्यांनी, ३० जूनच्या शुक्रवारी, त्याच केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. जून सरत आलेला, पाऊस सुरू, खोल्या रिकाम्या. महाराष्ट्रभर बायका घोळक्यानं तो बघायला जात होत्या. आमच्या बाजारातली चपलांच्या दुकानातली वहिनी एक दिवस छत्री मिटत आत आली, ‘काकी, पिच्चरला जायाचं का? क्रुझर ठरवू. अकरा जणी बसू.’ मी म्हटलं, आत्या येणार असतील तर. आतून आवाज आला, ‘मी तयार हाय.’

जुलैचा दुसरा आठवडा होता. घाट धुक्यात बुडालेला, ड्रायव्हरदादांनी पिवळे दिवे लावलेले. अकरा जणींत चिक्कीवाली होती, एका लॉजची मालकीण होती, तिच्याच लॉजवर कपडे धुणारी होती, शाळेतल्या दोघी होत्या. सिझनमध्ये आम्ही एकमेकींना फक्त रस्त्यात हात करतो. साताऱ्यात टॉकीजच्या दारात जत्रा भरल्यासारख्या बायका, नऊवाऱ्या, गजरे, नाकात नथी. सासूबाईंना दोघींनी धरून पायऱ्या चढवल्या. आत दिवे गेले तसा त्यांनी माझा हात धरला तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही. सहा बहिणींची गोष्ट, मंगळागौरीचे खेळ. पडद्यावर खेळ सुरू झाले तशा त्या पुटपुटत होत्या, पुढचा खेळ कुठला ते आधीच सांगत होत्या. संपल्यावर बाहेरच्या मोकळ्या जागेत बायकांनी फुगड्या धरल्या. लॉजची मालकीण आणि तिची कपडे धुणारी, दोघींची जोडी जमली. सासूबाई भिंतीला टेकून टाळ्यांवर ठेका देत होत्या.

परत येताना पसरणीपाशी गाडी आली तेव्हा अंधार पडला होता. काच पुसून त्या बाहेर बघत होत्या, दिसत काहीच नव्हतं, नुसते ओले दिवे. म्हणाल्या, ‘शाहिरांचा बी असाच बघायला पायजे हुता. समद्यांनी मिळून.’ मी काही बोलले नाही. चपलांच्या दुकानातली वहिनी मागून म्हणाली, ‘आजी, परत लागला ना तर आपण आख्खी गाडी करून जाऊ.’ घाटात दादांनी वेग कमी केला, पुढे बसलेली चिक्कीवाली कठडा दिसला की ‘डावीकडं, डावीकडं’ म्हणून सांगत होती. मागच्या सीटवर कुणीतरी विचारलं, पुढचा कधी? पंधरा ऑगस्ट मंगळवारी होता, त्याला जोडून शनिवारपासून गर्दी, आमच्या तीन खोल्या त्यासाठी आधीच गेलेल्या. मी मनातल्या मनात शुक्रवार मोजले. चार तारखेचा मोकळा होता.